तुमच्या विमानाचं ड्रॉइंग दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

मागच्या हिवाळ्यात टेक्सासहून एका मुलाचा फोन आला, मूळचा कोल्हापूरचा. दादा तुमच्या त्या सिंगल सीटरचे फोटो बघितले, प्लॅन स्कॅन करून पाठवाल का, पैसे द्यायला तयार आहे. मी हो म्हणणारच होतो, गॅरेजमध्ये सहा वर्षं घालवून बांधलेल्या विमानाचं कुणी कौतुक केलं की माणूस विरघळतोच. पण जीभ चावली आणि विचार करून सांगतो म्हणालो. त्यानंतर चार महिने मी वाचलं, वकिलाकडे दोन तास बसलो (त्या दोन तासांत विमानाच्या प्रॉपेलरचे पैसे गेले), ज्यांनी प्लॅन विकून हात पोळून घेतलेत अशा दोन म्हाताऱ्या डिझायनर लोकांशी बोललो, आणि मग ड्रॉइंग पाठवायचं की नाही ते ठरवलं. तेच इथे लिहितोय, क्रमाने. मी इंजिनिअर आहे, वकील नाही, आणि अमेरिकेत हे कायदे राज्यागणिक बदलतात, तेव्हा सही करायच्या कागदासाठी तुमच्या राज्यातला वकील गाठा. बाकीच्यासाठी वाचा.

आधी एक व्हॉल्व्ह बघा

होमबिल्ट विमानात डिझायनरचं काम कुठे संपतं आणि बिल्डरचं कुठे सुरू होतं हे समजायला माझ्या मते एकच अपघात पुरेसा आहे. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियात मॉन्टेरीजवळ गायक जॉन डेन्व्हर याचं लाँग-ईझी समुद्रात पडलं आणि तो गेला. विमान बर्ट रुटान या अमेरिकन डिझायनरच्या डिझाइनचं, बांधलं टेक्सासच्या एका बिल्डरने, आणि डेन्व्हरने ते विकत घेतलेलं, म्हणजे त्याने स्वतः त्यात एक रिव्हेटही मारला नव्हता.

रुटानच्या प्लॅनमध्ये डाव्या-उजव्या टाकीचा फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं तो व्हॉल्व्ह, पायलटच्या समोर, दोन पायांच्या मध्ये, सहज हात जाईल असा होता. बिल्डरला पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमध्ये नको होत्या, म्हणून त्याने तो उचलून डाव्या खांद्याच्या मागे भिंतीवर नेला. हेतू वाईट नव्हता, उलट आग लागू नये हाच विचार. पण आता तो फिरवायचा तर कंट्रोल स्टिकवरचा उजवा हात सोडायचा, कमरेतून डावीकडे मागे वळायचं आणि खांद्यावरून हात न्यायचा. असं वळताना अंगाचा जोर आपोआप उजव्या पायावर येतो, म्हणजे उजव्या रडरवर (विमान डावी-उजवीकडे वळवणारा, पायाने दाबायचा कंट्रोल), एकदा खुर्चीत बसून करून बघा. हँडलवर कुठली दिशा कुठल्या टाकीची हे लिहिलेलं नव्हतं, ते फिरायलाही जड होतं, आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काचा पायलटच्या पाठीमागे. त्या दिवशी जमिनीवरच्या टेक्निशियनने त्याला मागचं दिसावं म्हणून आरसा दिला, हँडल फिरवायला पक्कड वापरायची का यावरही दोघांचं बोलणं झालं, पेट्रोल भरू का विचारलं तर तासभरच उडणार आहे म्हणून नको म्हणाला.

एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपासणाऱ्या सरकारी बोर्डाने, कारण दिलं ते असं की सिलेक्टर फिरवायच्या नादात लक्ष उडालं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि विमान हातातून गेलं. जोडीला पेट्रोल न भरणं, या विमानाची पुरेशी ओळख करून न घेणं आणि बिल्डरने तो व्हॉल्व्ह तिथे नेण्याचा निर्णय हेही नोंदवलं. आणि नंतर दावा कुणावर झाला माहितीये? व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी आणि तो विकणारा पुरवठादार. शेवटी तडजोड झाली.

म्हणजे साखळी बघा: ज्याने काढलं तो वेगळा, ज्याने बांधलं तो वेगळा, ज्याने उडवलं तो तिसराच, आणि वकिलाची नोटीस गेली ती ज्याच्याकडे पैसे किंवा विमा असण्याची शक्यता आहे त्याच्याकडे. तुमचं ड्रॉइंग या साखळीत पहिलं असतं.

कायदा तुम्हाला कुठून पकडतो

फार खोलात जात नाही, पण तीन वाटा माहीत पाहिजेत. पहिली निष्काळजीपणाची: शहाण्या डिझायनरने जे केलं असतं ते तुम्ही केलं नाही. दुसरी, तुम्ही जे छापलं, बोललात ते खोटं निघालं, म्हणजे जाहिरातीत "स्पिन होतच नाही" (विमान गरगर फिरत खाली येणं म्हणजे स्पिन) आणि प्रत्यक्षात होतं. तिसरी सगळ्यात जालीम, स्ट्रिक्ट लायबिलिटी. तिथे तुम्ही किती काळजी घेतलीत याला किंमत नाही, वस्तूत दोष होता आणि त्याने इजा झाली एवढं पुरे. ही वाट कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये ग्रीनमन खटल्यात पक्की केली, त्यात एका माणसाला बायकोने नाताळात सुतारकामाचं यंत्र भेट दिलं होतं आणि त्यातून लाकडाचा तुकडा उडून त्याच्या कपाळावर बसला.

आता गंमत अशी की प्लॅन ही "वस्तू" आहे का? १९९१ मध्ये फेडरल अपील कोर्टापुढे एक प्रकरण आलं, दोघांनी मशरूमवरच्या एका पुस्तकावर विसंबून जंगलातले मशरूम खाल्ले आणि दोघांनाही लिव्हर बदलायची वेळ आली. कोर्ट म्हणालं पुस्तकातल्या कल्पना म्हणजे प्रॉडक्ट नव्हे, प्रकाशक सुटला. पण त्याच निकालात कोर्टाने विमानाच्या नकाशांची गोष्ट वेगळी काढली, कारण जेपसन कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट अप्रोच चार्टना, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना उतरायला लागणाऱ्या नकाशांना, आधीच्या खटल्यांत प्रॉडक्ट धरलं गेलं होतं. चार्ट म्हणजे होकायंत्रासारखं हत्यार, पुस्तक म्हणजे ते कसं वापरायचं याची माहिती, असा काहीसा तो भेद. मग दोन बाय तीन फुटांच्या शीटवर "इथे भोक पाड, हा बोल्ट टाक" असं लिहिलेलं ड्रॉइंग कुठल्या बाजूला पडेल? माझा वकील हसला आणि म्हणाला, त्याचं उत्तर मिळवायला जो पहिला पैसे खर्च करेल तो तू नसलास म्हणजे झालं.

याच भीतीने रुटानने १९८५ मध्ये प्लॅन विकणं बंद केलं, आणि तेव्हा त्याच्या डिझाइनला मागणी जोरात होती. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, सेस्ना या विमान कंपनीने छोटी पिस्टन इंजिनची विमानं बनवणं थांबवलं. १९९४ मध्ये कायदा आला, छोट्या विमानाला १८ वर्षं झाली की निर्मात्यावर सहसा दावा करता येत नाही, आणि त्यानंतर सेस्ना परत उत्पादनात उतरली. घरबसल्या ड्रॉइंग विकणाऱ्याने मात्र या १८ वर्षांवर भिस्त ठेवू नये, पहिली अठरा वर्षं तरी काढायचीच असतात ना.

पायरी पहिली: नक्की काय देताय ते ठरवा

फोटो आणि गप्पा, संपूर्ण प्लॅन, काही तयार पार्ट, अख्खं किट, की उडतं विमान. जसजसे खाली जाल तसतशी तुमची जबाबदारी वाढते, कारण तुमच्या हाताने बनलेलं जास्त आणि त्याच्या हाताने बनलेलं कमी. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, नियम आहे की अमॅच्युअर-बिल्ट प्रकारात लायसन्स मिळायला विमानाचा मोठा भाग हौशी बिल्डरने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला पाहिजे, यालाच सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. लोक याला कटकट समजतात. डिझायनरच्या दृष्टीने ही ढाल आहे, कारण सरकारी कागदावर निर्माता म्हणून नाव बिल्डरचं लागतं, विमानावर ठोकलेल्या पाटीवर, म्हणजे डेटा प्लेटवर त्याचं, तुमचं नाही. म्हणून "दादा पंख तुम्हीच बनवून द्या, बाकी मी करतो" याला सरळ नाही म्हणा. ओळखीत असं करून दिलं की तुम्ही पंखांचे निर्माते झालात, आणि पंख हा काही किरकोळ पार्ट नाही.

आणि एक, एफएएचा माणूस किंवा त्यांनी नेमलेला डीएआर येऊन विमान बघून सर्टिफिकेट देतो म्हणजे डिझाइन पास झालं असं अजिबात नाही. तो बांधणी आणि कागद बघतो. डिझाइन बरोबर आहे असं सांगणारं तुमच्याशिवाय कुणीही नाहीये.

पायरी दुसरी: वाळूची पोती

ड्रॉइंग द्यायचंच असेल तर आधी स्वतःच्या विमानावर टेस्ट करून आकडे लिहून ठेवा. कॅल्क्युलेशन सगळेच करतात. कोर्टातही आणि आकाशातही पोती जास्त बोलतात.

माझ्या विमानाचं पूर्ण वजन ९०० पौंड, दोन्ही पंख मिळून १५०. नॉर्मल प्रकारातलं लिमिट लोड ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट. म्हणजे पंखांनी उचलायचं ३.८ गुणिले ९००, ३४२० पौंड. त्यातून पंखांच्या स्वतःच्या वजनाचा भाग, ३.८ गुणिले १५० म्हणजे ५७०, वजा, कारण तो भार मुळावर येत नाही. उरले २८५०. पंख उलटे टांगून त्यावर पोती रचायची, तर पंखांचं स्वतःचं १५० पौंड वजन आधीच खाली ओढतंय, म्हणून पोत्यांचं वजन २७००. पन्नास पौंडी पोती घेतली तर चोपन्न. हे झालं लिमिट, इथे उतरवल्यावर काहीही कायमचं वाकलेलं नको. अल्टिमेट म्हणजे त्याच्या दीडपट, ४२७५ वजा १५०, म्हणजे ४१२५ पौंड, साडेब्याऐंशी पोती, आणि तेवढा भार तीन सेकंद टिकला पाहिजे. पोती मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी, जशी लिफ्ट पसरते तशी.

सत्तेचाळिसाव्या पोत्याला टक् असा आवाज आला. अख्ख्या गॅरेजमध्ये शांतता, मित्र हातातलं पोतं तसंच धरून उभा. सगळी पोती उतरवली, टॉर्च घेऊन आत शिरलो तर मागच्या स्पारच्या (पंखाच्या आतल्या आडव्या तुळईच्या) ब्रॅकेटमधलं एक भोक लांबट झालेलं. मोजलं तर भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या जेमतेम दीडपट अंतर. नियम दुपटीचा आहे, आणि तो माझ्याच ड्रॉइंगमध्ये लिहिलेला होता, पहिल्या शीटवर, "सामान्य सूचना" मध्ये, सात नंबरला. भोक पाडलं तेव्हा समोर शीट बावीस होती. मीच लिहिलेलं मीच विसरलो, तर टेक्सासचा पोरगा काय लक्षात ठेवणार.

पायरी तिसरी: हात जिथे असेल तिथे लिहा

त्या दिवसापासून मी सगळी ड्रॉइंग परत काढायला घेतली. पहिल्या पानावर सगळ्या वॉर्निंग ठोकून मोकळं व्हायचं ही आपली सवय, वकिलाला बरं वाटतं, पण बिल्डर पहिलं पान एकदाच बघतो, तेही कॉफी पिताना. वॉर्निंग त्या शीटवर, त्या भोकाच्या शेजारी, बाणासकट.

आणि नुसतं "बदलू नये" लिहून भागत नाही, का ते पण लिहा. माणूस कारण कळलं की ऐकतो, नाहीतर त्याला वाटतं डिझायनर उगाच हेकेखोर आहे. माझ्या फ्युएल सिलेक्टरच्या शीटवर आता असं आहे: हा इथेच, कारण खांदे सीटला टेकलेले, बेल्ट घट्ट आणि उजवा हात स्टिकवर असताना डाव्या हाताने तो पूर्ण फिरला पाहिजे, जागा बदललीत तर ही चाचणी खुर्चीत बसून करा आणि नाही जमली तर परत इथे आणा. चार ओळी आहेत, त्याने कुणाचा जीव वाचेल की नाही देव जाणे, पण उद्या कुणी विचारलं की बिल्डरला धोका सांगितला होता का, तर शीट नंबर सांगता येईल.

मटेरियलच्या बाबतीत पण तसंच. बोल्ट एएन३ (विमानासाठीच्या बोल्टचा एक ठरलेला प्रकार) लिहिलाय म्हणजे एएन३, हार्डवेअरच्या दुकानातला तेवढ्याच जाडीचा चालणार नाही, असं स्पष्ट. त्याचा टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, २० ते २५ इंच-पौंड, एएन४ चा ५० ते ७०, हे आकडे मी प्रत्येक शीटवर परत परत छापलेत, कागद वाया जाऊ दे. नट आवळल्यावर त्यावर टॉर्क सीलचा रंगाचा ठिपका, नंतर ठिपका तुटलेला दिसला की नट हलला हे डोळ्यांना कळतं. प्रत्येक शीटवर रिव्हिजन नंबर आणि तारीख. वजनाची आणि सीजीची, म्हणजे गुरुत्वमध्याची, मर्यादा, कमाल वेग, कुठलं इंजिन चालेल, आणि काय टेस्ट केलेलं नाही तेसुद्धा. हे शेवटचं लिहायला जिवावर येतं. माझ्या प्लॅनवर चक्क लिहिलंय, या विमानात स्पिनची चाचणी झालेली नाही, स्पिन करू नये.

पायरी चौथी: पेट्रोल वाहतं का ते बादलीत मोजा

यावर वेगळं लिहितोय कारण होमबिल्टमध्ये इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा जाणं ही दोन मोठी कारणं आहेत. एनटीएसबीने २०१२ मध्ये होमबिल्टवर एक मोठा अभ्यास काढला, त्यात २०११ चे आकडे आहेत: हलक्या खासगी विमानांत होमबिल्टचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास, पण एकूण अपघातांत १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१. इंजिन बंद पडण्यामागे इंजिनापेक्षा त्याला पेट्रोल पोचवणारी नळ्यांची भानगड बऱ्याचदा निघते, आणि बिल्डर लोक सगळ्यात जास्त कलाकारी तिथेच करतात.

टेस्ट सोपी आहे आणि प्लॅनमध्ये ती सक्तीची पायरी म्हणून घाला. समजा १०० हॉर्सपॉवरचं इंजिन. टेकऑफला प्रत्येक हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल, म्हणजे ५० पौंड, सहा पौंडांचा एक गॅलन धरा, तासाला ८.३ गॅलन. टाकीतून नुसत्या उतारावर पेट्रोल येत असेल तर त्याच्या दीडपट वाहायला पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. दीडपट म्हणजे १२.५ गॅलन तासाला, पाच मिनिटांत एक गॅलनच्या थोडं वर. विमानाचं नाक जास्तीत जास्त क्लाइंबच्या कोनात वर करा (शेपटीचं चाक खड्ड्यात उतरवा किंवा नाक रॅम्पवर चढवा, ठोकळे लावून पक्कं करा), टाकी जवळजवळ रिकामी ठेवा, कार्ब्युरेटरची नळी काढून अर्थिंग केलेल्या धातूच्या डब्यात सोडा आणि घड्याळ लावा. हे उघड्यावर करा, गॅरेजमधल्या वॉटर हीटरच्या ज्योतीपासून लांब. पेट्रोल येणं बंद झालं की टाकीत जे उरतं ते वापरता न येणारं, तो आकडा गेजवर चिकटवा. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या करायच्या. आळस केलात तर ज्या टाकीची टेस्ट राहिली तीच नेमकी दगा देते.

पायरी पाचवी: कागद, म्हणजे सही

विकताना प्लॅन "विकू" नका, एका सिरियल नंबरचं एक विमान बांधायचं लायसन्स द्या. कुणाला दिलं, पत्ता काय, याची वही ठेवा. करारात हे यायला हवं: निर्माता बिल्डर आहे, विमान प्रायोगिक आहे, धोके त्याला समजलेत, तो दावा करणार नाही, प्लॅन पुढे दिला तर नव्या माणसाचीही अशीच सही घेऊन कळवेल.

आता थंड पाणी. ही सही बांधते ती सही करणाऱ्याला. त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या मित्राने कुठेच सही केलेली नसते, ज्याच्या घरावर विमान पडेल त्याने तर तुमचं नावही ऐकलेलं नसतं. बायको-मुलांचा हक्क त्या सहीने जातो का हे राज्यावर अवलंबून. व्हर्जिनिया आणि लुइझियानासारख्या राज्यांत शारीरिक इजेची जबाबदारी अशी आधीच झटकता येत नाही, कागद रद्दीत. घोर निष्काळजीपणा असेल तर बहुतेक ठिकाणी सही वाचवत नाही. तरी सही घ्या, कारण ती नसण्यापेक्षा असलेली बरी, फक्त तिच्यावर झोपू नका.

एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली की झालं असंही खूप जण सांगतात. कंपनीची देणी तुमच्या घरापर्यंत सहसा येत नाहीत हे खरं, पण ड्रॉइंगमध्ये चूक तुम्ही स्वतः केली असेल तर तुमच्या चुकीसाठी तुम्ही जातीने उभे राहता, एलएलसी असो नसो. एकट्या माणसाची एलएलसी, जिच्यात डिझायनर, ड्राफ्ट्समन आणि पोस्टात पाकीट टाकणारा एकच, ती छत्री आहे खरी पण पावसाचा अंदाज बघून. डिझायनरसाठीचा प्रॉडक्ट लायबिलिटी विमा छोट्या माणसाला मिळणं अवघड आणि मिळाला तर प्लॅनच्या किमतीत परवडत नाही. स्वतःच्या विमानाचा नेहमीचा विमा, तो दहा लाख डॉलर आणि प्रत्येक प्रवाशामागे एक लाखाची मर्यादा असा बरेचदा येतो, तो तुमच्या उडण्याचा असतो, तुमच्या प्लॅनचा नाही. हे मला वकिलाने सांगेपर्यंत माहीत नव्हतं, कबूल करतो.

पायरी सहावी: फोनवर पास करू नका

माझ्या मते डिझायनर लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. प्लॅन नीट असतो, करार नीट असतो, आणि मग रात्री दहाला मेसेज येतो, सर टाकी तीन गॅलनने मोठी करू का, आणि हे आपले जेवता जेवता लिहितात, हो कर काही होत नाही. झालं. ती मॉडिफिकेशन आता तुमची. आकडा तपासला नाहीत, लोड बघितला नाहीत, आणि लेखी परवानगी दिलीत.

माझं ठरलेलं उत्तर असतं, मी ते तपासलेलं नाही, प्लॅनप्रमाणे बांध, बदललंस तर ते तुझं डिझाइन, तुझ्या बिल्डर लॉगमध्ये कारण आणि फोटोसकट लिही आणि ईएएच्या, म्हणजे होमबिल्टवाल्यांच्या संघटनेच्या, टेक्निकल काउन्सेलरला दाखव. तो फुकट येतो, अनुभवी बिल्डर असतो. तुटक वाटतं, एकाने मला गर्विष्ठही म्हटलं, असू दे.

पायरी सातवी: चूक सापडली तर लपवू नका

प्लॅन दिला की संबंध संपला असं नसतं, पुढे दोष कळला आणि सांगितलं नाहीत तर मूळ चुकीपेक्षा ते गप्प राहणं महागात जातं. रुटानच्या कंपनीची पद्धत मला आवडते, ते बातमीपत्रातून प्लॅनमधल्या दुरुस्त्या पाठवायचे आणि प्रत्येकीवर शिक्का असायचा: एक म्हणजे विमान जमिनीवर ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत उडवू नका, दुसरा इतक्या तासांच्या आत करा, मग केलेलं बरं, मग ऐच्छिक, मग नुसतं निरीक्षण, शेवटी छपाईची किरकोळ चूक. बिल्डरला पहिल्या शब्दात कळतं की आज पळायचं की रविवारी. मी तेच उचललंय.

वही इथे कामाला येते. २००९ मध्ये झोडियाक सीएच ६०१ एक्सएल या छोट्या विमानाचे पंख हवेत तुटल्याचे अपघात एकामागून एक झाल्यावर एनटीएसबीने फ्लटरकडे, म्हणजे हवेच्या झोताने पंखांच्या वाढत जाणाऱ्या थरथरीकडे, बोट दाखवून ही विमानं थांबवा असं म्हटलं, आणि वर्षअखेरीला पंखांच्या मजबुतीचं आणि एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांच्या) बॅलन्स वजनांचं पॅकेज आलं. २०२३ मध्ये, होमबिल्टमधली सगळ्यात मोठी कंपनी व्हॅन्स, जिची दहा हजारांवर विमानं उडालीत, तिच्या लेझरने कापलेल्या भोकांना डिंपल करताना, म्हणजे रिव्हेटचं डोकं बसायला खळगा पाडताना, तडे जाऊ लागले. पार्ट बदलून देणं आणि बाकीचे खर्च मिळून डिसेंबरमध्ये कंपनी चॅप्टर ११ दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी बाहेर आली. एवढ्या अनुभवी लोकांचं हे होतं, तर आपण कोण.

पायरी आठवी: पहिली उड्डाणं आणि नंतर विक्री

नव्या विमानाच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात ठरलेल्या भागातच उडायचं, सर्टिफाइड इंजिन-प्रॉपेलरची जोडी असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०, आणि हौसेने कुणाला शेजारी बसवायचं नाही. २०१४ पासून एका पात्र दुसऱ्या पायलटला बरोबर घ्यायची सोय आहे, ती वापरा. तुमच्या प्लॅनबरोबर टेस्ट कार्ड द्या, कुठल्या तासाला काय बघायचं.

विक्रीच्या वेळी बिल्डर विसरतो की डेटा प्लेटवर निर्माता म्हणून त्याचं नाव आहे आणि ते विमानाबरोबर आयुष्यभर जाणार. बिल्डरचं रिपेअरमन सर्टिफिकेट, म्हणजे आपलंच विमान स्वतः तपासायची परवानगी, मात्र विमानाबरोबर जात नाही, नव्या मालकाला दर बारा महिन्यांची कंडिशन इन्स्पेक्शन सहसा ए अँड पी, म्हणजे एफएएचं लायसन्स असलेल्या, मेकॅनिककडून करून घ्यावी लागते, हे त्याला लेखी सांगा. त्या एनटीएसबी अभ्यासातच निघालं की २०११ चे निम्म्याहून जास्त अपघात विकत घेतलेल्या जुन्या होमबिल्टचे होते. म्हणून मी तर म्हणतो, तशाच विमानातलं ट्रेनिंग झाल्याची लॉगबुकातली नोंद दाखव आणि मग चावी घे. प्लॅनपासून जे जे बदललंत त्याची यादी विमानाच्या कागदांत, प्रत्येक हँडलवर खूण, आणि तेही विकत घेणाऱ्याला सीटवर बसवून, डोळे मिटून हात लावायला सांगून.

भारतात ही वाट अजून अरुंद आहे. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं विमान २०१६ मध्ये मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात सगळ्यांनी बघितलं, डीजीसीएचं (आपल्या विमान वाहतूक खात्याचं) रजिस्ट्रेशन मिळायला २०१७ उजाडलं. तिकडे कुणी प्लॅन किंवा किट विकायचा विचार करत असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचून घ्या, त्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं वेगळं प्रकरण आहे आणि विक्रीआधी वस्तू डिझाइन करणाराही निर्मात्यात मोजलाय.

कोल्हापूरच्या त्या पोराला मी शेवटी प्लॅन दिले, सिरियल नंबर दोन, करारावर सही घेऊन. मागच्या आठवड्यात त्याचा फोटो आला, फ्युएल सिलेक्टर चार इंच मागे सरकवलाय, खाली लिहिलंय, दादा इथे चालेल ना? मी लिहिलं, शीट एकोणतीस, बेल्ट बांधून बस आणि सांग. दोन दिवस उत्तर नाही. मग फोटो आला, सिलेक्टर जुन्या जागी, आणि मधल्या चार भोकांवर ठिगळ.